गंडमाळ आणि क्षय

क्षय म्हटला कीं खोकला, ही समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. भंडारा जिल्ह्यांतील सानगडीसारख्या गांवीं मानेच्या गाठी महिनोन्‌महिने वाहूं लागल्या, तरी त्या मनुष्यास क्षयी म्हणण्यास कोणी सहसा धजणार नाहीं. हें निव्वळ अडाणीपण आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ह्या समजुतीस मोठा इतिहास आहे.

चरकानें राजयक्ष्म्यांत कास, ज्वर व देहाची झीज सांगितली. सुश्रुतानें गळ्याच्या व काखेच्या गाठींस अपची म्हणून ग्रंथि व अर्बुद यांच्या पंक्तीस बसविलें. नांवें दोन झालीं, म्हणून रोगहि दोन मानले गेले. युरोपांतहि तेंच झालें. इंग्लंडांत गंडमाळेवर राजाचा हस्तस्पर्श हा उपाय समजत. १७७९ सालीं पर्सिव्हल पॉट यानें पाठीचें कुबड व पायांचा लुळेपणा यांचा संबंध दाखविला. परंतु त्यामागील जंतु ठाऊक होण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यानें तो जंतु दाखविला, आणि फुप्फुस, गाठी, हाडें यांतील विकारांचें मूळ एकच ठरलें.

पण ज्ञान एक झालें तरी व्यवहार दुहेरीच राहिला. १९६२ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाचा मुख्य भर थुंकीच्या तपासणीवर होता. तें योग्यच, रोग पसरतो तो मुख्यतः फुप्फुसाच्या रोग्यापासून. मात्र गाठीच्या रोग्याची थुंकी बहुधा निर्दोष निघते, आणि गाठींतहि जंतु विरळ असतात. म्हणून तेथें सुईनें गाठींतील अंश काढावा लागतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास पाठींतील पाणी तपासावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं अशा नमुन्यांसाठीं जंतूचें जनुक शोधणारी चांचणी सुचविली, आणि २०१६ सालीं भारतानें फुप्फुसाबाहेरील क्षयासाठीं स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

तथापि यंत्रापूर्वीं शंका यावी लागते. न दुखणारी, आठवडेच्या आठवडे टिकणारी गाठ, रात्रीं वाढणारी पाठदुखी, कारणावांचून येणारा ज्वर, घटणारें वजन: इतकें दिसलें तरी 'क्षय असेल काय?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कण्याच्या रोगांत विलंबाचें मोल पायांनीं द्यावें लागतें, मेंदूच्या रोगांत प्राणांनीं. औषधें आहेत, उशीर होतो तो ओळखण्यांत.