धावेपासून चॅसीपर्यंत: लोखंड सांधण्याची विद्या आणि चांद्याचे जंगल

#थ्रेड #इतिहास

१/ वेल्डिंग शिकून स्वतःच्या हाताने गाडीचा सांगाडा उभारणे, हा छंद आपल्याला अमेरिकी वाटतो. परंतु वाहनासाठी लोखंड तापवून सांधण्याची विद्या चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. ती कशी होती, मागे का पडली आणि आज कोणत्या रूपात उरली आहे, याचा हा धांडोळा.

२/ १९६४ पर्यंत हा सारा मुलूख ‘चांदा’ या नावाने ओळखला जाई. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. येथील लोहारा गावाजवळची टेकडी जवळजवळ सबंध हेमॅटाइटची. इंग्रज भूवैज्ञानिकांनी तिची लांबी सुमारे ६०० मीटर, रुंदी १८० मीटर आणि उंची ३६ मीटर नोंदवली. गावाच्या नावातच त्याचा व्यवसाय दडलेला आहे.

३/ गावोगावच्या भट्ट्या मातीच्या, इंधन लोणारी कोळशाचे आणि वारा भात्याचा. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता या भट्टीत येत नसे. त्यामुळे लोखंडाचा रस होत नसे, तर मळीने भरलेला सच्छिद्र गोळा हाती येई. तो पुन्हा तापवून घणाखाली कुटला, की मळी बाहेर पडे आणि लोखंड एकजीव होई.

४/ सांधणीची खरी कसोटी बैलगाडीच्या चाकावर लागे. चाकाला बसणाऱ्या लोखंडी पट्टीला ‘धाव’ म्हणतात. पट्टीची दोन्ही टोके ठोकून निमुळती करायची, एकमेकांवर ठेवायची आणि पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायची. वर चिमूटभर वाळू टाकायची. वाळू गंजाशी मिळून काचेसारखी पातळ होते आणि घणाच्या घावासरशी बाहेर फेकली जाते. उरते स्वच्छ लोखंडाला भिडलेले स्वच्छ लोखंड.

५/ ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. शेण्यांच्या आगीत ती फुगली, की लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ती आरे, तुंबा, सगळे सांधे आवळून धरी. एक खिळाही न मारता चाक घट्ट होई. उष्णतेने धातू किती वाढतो आणि थंड होताना किती आवळतो, हे गणित लोहाराच्या हातात होते.

६/ १८८२ मध्ये जमशेदजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा अहवाल आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळसा खाण जवळ, असे त्याचे म्हणणे होते. नागपूरला एम्प्रेस मिल उभी करणाऱ्या टाटांना हे अंतर फार नव्हते. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. निष्कर्ष निराशाजनक निघाला.

७/ उंच झोतभट्टीला कोक लागतो: कठीण, सच्छिद्र आणि वरच्या खनिजाचा भार सोसणारा. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होत नव्हता. त्यात खाणपट्ट्यांच्या अटीही जाचक होत्या. बेत बारगळला आणि टाटांचा पोलाद कारखाना पुढे १९०७ मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात स्थापन झाला. त्यांचे पोलादाचे स्वप्न मात्र चांद्याच्या खनिजावरून सुरू झाले होते.

८/ इकडे गावच्या भट्ट्याही विझत गेल्या. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील लाकडावर आणि कोळशावर बंधने आली. रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात आणले. लोहार टिकला, पण लोखंड निर्माण करणारा म्हणून नव्हे, तर बाहेरून आलेल्या लोखंडाला आकार देणारा म्हणून.

९/ याच काळात युरोपात नवी सांधणी जन्मली. बेनार्डोस यांनी १८८० च्या दशकात विजेच्या ठिणगीने धातू वितळवला. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी रॉडवर लेप चढवला. तो लेप जळून वायूचे कवच तयार करतो आणि मळी होऊन सांध्यावर पसरतो. लोहाराची चिमूटभर वाळू जे करी, त्याच कामाचे हे पुढचे रूप. या लेपात फेरोमँगनीजही घालतात आणि ते बनवणारा सरकारी कारखाना आज चंद्रपुरातच आहे.

१०/ हॉट रॉडची कथा १९३०–४० च्या दशकांतील कॅलिफोर्नियाची. तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या सोलून हलक्या केल्या, त्यांत दणकट इंजिने बसवली आणि कोरड्या तलावांच्या पात्रांत पळवल्या. गाडीचा कणा म्हणजे चॅसी: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. जणू आडवी ठेवलेली शिडी.

११/ मराठी मुलखातही असे वेड होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. पुढे ‘मीरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीत ते १९७० च्या दशकापर्यंत सुधारणा करत राहिले. ती बाजारात कधीच आली नाही. हात होते, बुद्धी होती, पाठबळ नव्हते.

१२/ चॅसी सांधणाऱ्या नवशिक्याला पहिला धडा धावेचाच मिळतो, पण उलटा. सांधा थंड होताना आकसतो आणि दांडा आपल्याकडे ओढतो. चाकावर उपकारक असणारे हे आवळणे चॅसीचा घात करते. म्हणून आधी छोटे टाके मारायचे, गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का पाहायचे आणि मग आलटून पालटून समोरासमोर सांधत जायचे.

१३/ दुसरा धडा अधिक गंभीर. वरून सुबक दिसणारा सांधा आतून न भिनलेला असू शकतो आणि तो भर वेगात तुटतो. म्हणून आधी भंगार पट्ट्या सांधाव्यात, त्या कापून, वाकवून, तोडून पाहाव्यात. गाडीची पाळी पुष्कळ नंतरची.

१४/ कायद्याचीही मर्यादा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. घरी बांधलेली गाडी म्हणूनच सहसा खाजगी आवारापुरती राहते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र ‘बाहा’ स्पर्धेची वाट खुली आहे. २००७ पासून तेथे विद्यार्थ्यांच्या संघांनी बांधलेल्या, नळ्यांच्या सांगाड्याच्या गाड्या तपासल्या आणि पळवल्या जातात.

१५/ आज एटापल्लीच्या सूरजागड डोंगरातून लोहखनिज निघते. घुग्घुसला स्पंज आयर्न तयार होते. ही प्रक्रिया लोखंड न वितळवताच खनिजातून काढते आणि तिला कोक न होणारा कोळसाही चालतो. म्हणजे जुन्या मातीच्या भट्टीचे तत्त्व नव्या यंत्रात परतले आणि ज्या जातीच्या कोळशामुळे टाटांचा बेत फसला, तीच जात येथे उपयोगी पडली.

१६/ फरक मालकीचा आहे. सूरजागडच्या खाणकामाला अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदवला. तो डोंगर त्यांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. खनिज, भट्टी आणि सांधणी जुन्या काळी एका परिसराच्या हातात होती. आता तेथील मुलाच्या वाट्याला यांपैकी काय येते, यावर या जिल्ह्यांच्या औद्योगिक प्रगतीचे मोल ठरेल. आयटीआयमध्ये रॉड धरायला शिकणारा मुलगा केवळ मजूर होतो की स्वतःची कार्यशाळा उभारतो, हा त्यातला कळीचा प्रश्न.

१७/ आपल्या गावात धाव चढवणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून अवजारांची आणि क्रियांची नावे लिहून घ्यावीत. भट्ट्या विझल्या; निदान शब्द तरी विझू नयेत.