नकाशावरचे नाव : नागपूरकर भोसले आणि स्ट्रॅटेजी गेममधील राज्ये

प्रस्तावना

इतिहासावर बेतलेला स्ट्रॅटेजी गेम सुरू केला की नकाशावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते राज्याचे नाव. निशाण, राजधानी, सैन्य, खजिना हे सगळे त्या नावाच्या मागून येते. मराठ्यांचा प्रदेश समोर आला की खेळणाऱ्यांत हमखास वाद पेटतो. 'मराठा साम्राज्य' म्हणावे, 'मराठा राज्यसंघ' म्हणावे, 'स्वराज्य' म्हणावे, की नुसते 'मराठे'? खेळणारा नागपूरचा असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : आमचे नागपूर त्या मोठ्या नावाखाली घालायचे, की त्याला स्वतंत्र नाव द्यायचे?

हा वाद पोरखेळ समजून सोडून देण्यासारखा नाही. राज्याचे नाव ठरवायचे तर तिथे हुकूम कोणाचा चालत होता, तो कोणाच्या नावाने निघत होता, वसूल कोण नेत होते आणि हे कोणत्या वर्षापर्यंत खरे होते, हे सांगावेच लागते. सार्वभौमत्व हा राज्यशास्त्रातला अवघड विषय अशा वेळी विद्यार्थ्याच्या हातात आपसूक येतो. खेळाच्या वाटेने इतिहासाकडे आलेल्या वाचकाला या विषयाची ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

प्रत्यक्ष खेळापासूनच सुरुवात करू. २००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठे खेळायला मिळतात ते 'मराठा कॉन्फेडरसी' या नावाने, आणि खेळाचा आरंभ आहे १७०० सालचा. आता ते साल डोळ्यांसमोर आणा. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. ताराबाईंनी मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन होता आणि त्याच वर्षी सातारा मोगलांनी घेतला. या घटकेला मराठ्यांचे एक छत्रपतीपद होते आणि ते टिकवण्यासाठी सरदार लढत होते. शिंदे, होळकर, गायकवाड, पवार आणि नागपूरकर भोसले ही आपापल्या मुलखात रुजलेली घराणी पुढच्या काळातली. म्हणजे 'राज्यसंघ' हे नाव १७६० च्या नकाशावर शोभेल, १७०० च्या नकाशावर नाही. नाव चुकीचे नसते, पण ते कोणत्या सालावर चिकटवले यावरून ते चुकते. या अभ्यासातला हा पहिला धडा.

'स्वराज्य' या नावाचे काय? मराठी माणसाच्या मनात त्याला तोड नाही. पण अठराव्या शतकाच्या कागदात त्याला एक नेमका हिशेबी अर्थ होता. बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्यांत तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या : स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींच्या ताब्यातला मूळ मुलूख. चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क होते दख्खनच्या सहा मोगल सुभ्यांवर, आणि वऱ्हाड हा त्यांतला एक सुभा. त्यामुळे सनदेच्या भाषेत वऱ्हाड हा हक्काच्या वसुलीचा प्रदेश ठरतो, स्वराज्य ठरत नाही. नागपुरासकट सगळा नकाशा 'स्वराज्य' म्हणून रंगवणाऱ्याने निदान एवढे लक्षात ठेवावे, की त्या काळचा फडणीस तसे लिहिणार नाही.

नागपूरची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. हे शहर मराठ्यांनी वसवलेले नाही. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून ते वसवले आणि चांद सुलतानांनी ते राजधानी म्हणून वाढवले. चांद सुलतान १७३९ मध्ये वारल्यावर वारसाचा तंटा झाला, राणी रतनकुंवरने मराठा सरदार रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि १७४३ पर्यंत सत्ता रघूजींच्या हाती गेली. तरीही त्यांनी चांद सुलतानांच्या मुलाला, बुऱ्हाण शाहांना, गादीवरून पुसून टाकले नाही, नामधारी राजेपण आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले. मग १७४५ च्या नकाशावर काय लिहायचे? 'देवगड'? 'नागपूर'? 'मराठे'? शहरात गोंड राजा आहे, कारभार भोसल्यांचा आहे, आणि भोसल्यांची 'सेनासाहेब सुभा' ही पदवी साताऱ्याच्या छत्रपतींनी दिलेली आहे. एका गावावर तीन थरांची सत्ता आहे आणि खेळाच्या नकाशात जागा एकाच नावाला आहे.

रघूजींचे वंशज पुण्याला किती बांधलेले होते? १७६९ च्या कनकापूरच्या तहात माधवराव पेशव्यांनी जानोजी भोसल्यांना बरेच जखडले. पेशव्यांना विचारल्याशिवाय परक्या सत्तांशी राजकारण करायचे नाही आणि बोलावणे आले की चाकरीला हजर व्हायचे, हे त्यांना कबूल करावे लागले. हा कागद वाचला तर नागपूर मांडलिक वाटते. पण पुढे अवघ्या दहा-बारा वर्षांत, मराठे इंग्रजांशी लढत असताना, मुधोजी भोसल्यांनी बंगालकडे फौज पाठवली खरी, मात्र वॉरन हेस्टिंग्जशी आपल्या हिशेबाने वाटाघाटी करून ती आवरती घेतली. १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री थॉमस कोलब्रुकला वकील म्हणून थेट नागपूर दरबारी धाडले. वकील पाठवायचा तो आपल्या बळावर निर्णय घेऊ शकणाऱ्या दरबारात. दोन्ही पुरावे खरे आहेत. विद्यार्थ्याने त्यांतला सोयीचा एक उचलू नये. दोन्ही शेजारी ठेवावेत आणि नाते सालागणिक कसे ताणले-सैलावले ते पाहावे.

नकाशाचा रंग हाही नावाइतकाच वादाचा विषय. रघूजींच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, १७४४ मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर दग्याने मारले गेले, आणि १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल करून ओडिशाचा वसूल सोडला. कटकात पुढे भोसल्यांचे सुभेदार बसले आणि तो अंमल १८०३ पर्यंत चालला. तेव्हा ओडिशा नागपूरच्या रंगात दाखवणे रास्त आहे. बंगालने पैसे दिले म्हणून बंगालही त्याच रंगात रंगवला तर मात्र नवाबाचा दरबार नकाशावरून नाहीसा होतो. खंडणी देणारा मुलूख आणि सुभेदार बसवलेला मुलूख यांतला हा फरक या खेळांनी पट्टेरी रंगाने दाखवावा, अशी सूचना मी आग्रहाने करीन.

परक्यांनी दिलेल्या नावाचा आमच्या घरचा मासला म्हणजे 'बेरारचा राजा'. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या पत्रव्यवहारात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली नागपूरच्या दुसऱ्या रघूजींना याच नावाने ओळखतो. आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची, गाविलगड पडला १५ डिसेंबरला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहाच्या मसुद्यात मात्र रघूजींचा उल्लेख येतो 'सेनासाहेब सुभा' या पदवीने. लढताना एक नाव आणि सही घेताना दुसरे! वऱ्हाडात तर निजाम आणि भोसले यांची दोअमली, म्हणजे दुहेरी सत्ता, होती, आणि त्याच तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा भाग भोसल्यांच्या हातून गेला. राज्याची गादी नागपुरात असताना त्याला वऱ्हाडचे नाव देणे म्हणजे सीमेवरच्या शत्रूच्या नजरेने त्याच्याकडे पाहणे होय. पुढे १८२७ साली छापलेल्या रिचर्ड जेंकिन्सच्या अहवालात नाव येते ते 'नागपूरच्या राजाचा मुलूख' असे.

हा प्रश्न मराठ्यांपुरता नाही. कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट अखेरपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते. 'बायझंटाइन' हे नाव त्यांचे राज्य बुडाल्यावर सोळाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी रूढ केले. तरीही ते नाव टिकले, कारण हजार वर्षांचा एक कालखंड वेगळा दाखवायला ते उपयोगी पडते. अभ्यासकाची सोय आणि राज्यकर्त्याचा स्वतःविषयीचा दावा यांत नेहमीच ओढाताण असते. त्यांपैकी कोणाला किती मान द्यायचा हे उघडपणे सांगणे, हेच या विषयातले शिस्तीचे काम.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने कोणतेही नाव समोर आले की चार प्रश्न विचारावेत. हे नाव कोणत्या सालचे? ते कोणाच्या तोंडचे, स्वतःचे की परक्याचे? ते गादीचे नाव आहे, घराण्याचे, की प्रदेशाचे? आणि ते वापरल्याने नकाशावरून कोण पुसले जाते? मराठी वाचकाजवळ उत्तरे शोधण्याची साधने मुबलक आहेत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे, यादव माधव काळे यांचा भोसल्यांचा इतिहास आहे, सरदेसायांची 'मराठी रियासत' आहे. सरदेसायांनी शीर्षकात 'साम्राज्य' न घालता 'रियासत' घातले, न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली 'सत्ते'चा उदय लिहिला, आणि स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९९३ च्या ग्रंथाला नुसते 'मराठे' म्हटले. शीर्षकांपासून वाचायला लागले तरी वादाचे धागे हाती लागतात.

आता माझे मत सांगतो. नकाशावरचे नाव सालाबरोबर बदलले पाहिजे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून शाहू महाराजांच्या काळापर्यंत 'मराठा राज्य', त्यानंतर १८१८ पर्यंत 'मराठा राज्यसंघ', आणि १७४३ पासून 'नागपूरकर भोसले' हे स्वतःच्या नावाने. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर मात्र 'नागपूर संस्थान', कारण तिसऱ्या रघूजींच्या काळात सार्वभौमत्व उरले नव्हते. १८३६ मध्ये सुरू होणाऱ्या 'व्हिक्टोरिया ३'सारख्या खेळात हेच नाव योग्य. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले आणि नावापुढची रेघ तिथे संपते. १७४३ च्या आधी नागपूरवर 'देवगडचे गोंड राज्य' हेच नाव हवे, आणि ते गाळणारा कोणताही नकाशा मी अपुरा मानतो.

या मताशी वाचकाने भांडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. भांडताना एकच पथ्य पाळावे : आपल्या पसंतीच्या नावासाठी एक तरी त्या काळचा कागद दाखवावा. ज्यांना खेळाचे मॉड बनवता येतात त्यांनी नावाची यादी बदलताना प्रत्येक बदलाशेजारी साल आणि आधार लिहून ठेवावा. असे काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाचे इतिहासाच्या अभ्यासात स्वागत आहे.