धान्यांतील सत्त्व आणि प्रकाशाचा किरण

कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून घेतला म्हणजे पातेल्याच्या तळाशीं पांढरा चीक बसतो. त्यावरून गहूं किती सत्त्वाचा हें चतुर गृहिणी ताडते. परंतु कांहीं सत्त्व कोंड्याला चिकटून वायां जातेंच. ज्या कारखानदाराला या सत्त्वाचे, म्हणजे स्टार्चचे, दाम मोजावयाचे असतात त्याला असला अंदाज पुरत नाहीं. त्याला उपाय सांपडला तो प्रकाशाच्या अभ्यासांतून.

१८०८ सालीं पॅरिस येथें मालूस हा शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश आइसलंड स्फटिकांतून पाहत होता. स्फटिक फिरवितांच त्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा आळीपाळीनें मंद होतात असें त्यास आढळलें. अशा प्रकाशाचीं कंपनें एकाच पातळींत होतात, हें पुढें उमगलें. या प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. १८१५ सालीं बियो यानें दाखविलें कीं, टर्पेंटाइन तेलांतून जातांना ही पातळी वळते. साखरेच्या द्रावणांतही तेंच घडतें. पदार्थ जितका अधिक, तितकें वळण अधिक.

स्टार्चची अडचण निराळी. तो थंड पाण्यांत विरघळत नाहीं, आणि शिजविला तर गढूळ खळ होते. तींतून किरण पाहावा कसा? १८३३ सालीं बियो व पर्सो यांनीं त्यावर आम्लाचा प्रयोग केला. द्रावण निवळलें आणि प्रकाशाची पातळी जोरानें उजवीकडे वळली. लॅटिन भाषेंत उजव्यास 'डेक्स्टर' म्हणतात. म्हणून त्या नव्या पदार्थाचें नांव डेक्स्ट्रिन पडलें. चवीवरून नव्हे, रंगावरून नव्हे, तर प्रकाशाला उजवीकडे वळविण्याच्या गुणावरून नांव मिळावें, हा प्रकार विरळाच! मात्र आम्लाची क्रिया तशीच चालूं ठेवली तर स्टार्चची साखर होत जाते आणि वळण उतरूं लागतें.

ह्या उतरत्या वळणांतच पुढील मापनाचें मर्म होतें. १९०८ सालीं एव्हर्स यानें मांडलेली रीत आजही त्याच्याच नांवानें चालते. २.५ ग्रॅम पीठ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यांत बरोबर पंधरा मिनिटें ठेवावयाचें, पहिलीं तीन मिनिटें जोरानें हलवावयाचें, आणि वेळ भरतांच थंड पाणी ओतून क्रिया थांबवावयाची. मग प्रथिनें सांक्यांत बसवून, गाळून, तें द्रावण वीस सेंटिमीटर लांबीच्या नळींतून पाहावयाचें. पीठ १०० मिलिलिटर द्रावणांत असलें आणि मक्यांत शेंकडा ७० स्टार्च असला, तर वळण सुमारें साडेसहा अंश भरतें. म्हणजे अंशाचा दहावा भाग चुकला कीं शेंकडा एकाहून अधिक स्टार्चचा फरक पडला! घड्याळाकडे दुर्लक्ष करणारा प्रयोगशाळेंतील मदतनीस शेतकऱ्याचा माल नकळत हलका ठरवूं शकतो.

धान्यांत मुळांतच साखर असते, तिचें वळणही त्यांत मिसळतें. यास्तव दुसरा नमुना शेंकडा चाळीस अल्कोहोलांत भिजवून त्याचें वळण वजा करतात. शिवाय प्रत्येक धान्याचा स्टार्च सारखा वळवीत नाहीं: तांदुळाचा १८५.९ अंश, गव्हाचा १८२.७, जवाचा १८१.५. हे आंकडे युरोपीय आर्थिक समुदायानें पशुखाद्याच्या तपासणीसाठीं १९७२ सालीं केलेल्या नियमांतही आहेत. त्याच नियमांनीं इन्युलिन विपुल असलेले पदार्थ या रीतींतून वगळले. कारण इन्युलिन प्रकाशाला डावीकडे वळवितें.