केस कुत्र्याचे, नियम माणसांचे

"केस अजिबात गळत नाहीत" असं सांगून जॅक रसेल टेरियरची पिल्लं विकणारे आता आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेत. मंडळी, पैसे मोजण्याआधी या जातीचा थोडा इतिहास वाचा.

जॅक रसेल (1795-1883) हे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री. शिकारीचा भारी नाद. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली, असं सांगतात. कोल्ह्याच्या बिळात शिरेल, शिकारी घोड्यांबरोबर दिवसभर पळेल, असं कुत्रं त्यांना हवं होतं. अंगावरचा केस पाऊस-काट्यात टिकला म्हणजे झालं! म्हणून या कुत्र्यांत तीन तऱ्हा राहिल्या: आखूड सपाट, राठ आणि दोन्हींच्या मधली. एकाच वेतात तिन्ही निघू शकतात.

1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. रसेल त्याच्या सुरुवातीच्या सभासदांत होते. पण स्वतःचे टेरियर त्यांनी प्रदर्शनात उतरवले नाहीत. प्रदर्शनातलं कुत्रं दिसण्यावर निवडलं जातं, कामावर नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

हाच वाद पुढे अमेरिकेत पेटला. 1976 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या जॅक रसेल क्लबने अमेरिकन केनेल क्लबच्या मान्यतेलाच विरोध केला. त्यांचा नियम बघा: आईबाप नोंदलेले आहेत म्हणून पिल्लाची नोंद होत नाही. कुत्रं वर्षाचं झाल्यावर, स्वतःच्या गुणांवर नोंद. शेवटी मान्यता मिळालीच, पण 2003 मध्ये तिथे त्या जातीचं नाव बदलून पार्सन रसेल झालं.

आता गळण्याचं. तिन्ही प्रकारांचे केस गळतात. आखूड केस वर्षभर झडतात आणि सतरंजीत, कपड्यांत सुईसारखे रुततात. राठ केसांत मेलेला केस अंगावरच अडकून राहतो, म्हणून कमी गळल्यासारखं वाटतं. तो हाताने उपटून काढावा लागतो. कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांवरून ठरतो, हे 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. तिथे जाहिरातवाल्याचं काय चालणार?

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जॅक रसेल मानकात एक ओळ मोलाची आहे: राठ केस उपटून कुत्रं सपाट केसांचं भासवू नये. म्हणजे फसवाफसवी तिकडेही होतेच की!

आपल्याकडे कारवानी आणि पश्मी कुत्र्यांतही केसांवरून फरक करतात. उद्या त्यांची मानकं पक्की करताना माळरानावर कुत्रं पाळणाऱ्याला विचारणार, की फक्त प्रदर्शनवाल्याला? केसांच्या नावाखाली फसलेला माणूस चार महिन्यांत वैतागतो, आणि कुत्रं रस्त्यावर येतं. त्याची नोंद कुठल्याच क्लबात होत नाही.