इंजिनाचा दम

पोलादपूर मागे पडले की महाबळेश्वरची वाट आंबेनळीच्या घाटाला लागते. महाडहून सावित्रीच्या खोऱ्यातून मजेत आलेली गाडी येथे एकदम गंभीर होते. ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिनाचा सूर बदलतो आणि आतल्या गप्पा आपोआप थांबतात. प्रतापगडाचा फाटा आला की कुणीतरी म्हणतोच, “इंजिनात दम आहे हो!” बोलणाराला कल्पना नसते, पण त्याचे विधान अगदी शास्त्रशुद्ध असते. इंजिनाची ताकद म्हणजे खरोखरच त्याचा दम; आणि तो पुष्कळसा ठरतो त्याच्या डोक्यात.

हे डोके म्हणजे सिलिंडरवर बसवलेले ओतीव हेड. अनेक जुन्या इंजिनांत ते नुसते झाकण असे. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा खाली, सिलिंडरच्या बगलेत असत. हवेने यायचे ते खालून आणि वळसा घेऊन. दिंडीदरवाजातून वाकून वाड्यात शिरावे तसे!

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलिस जीपचे इंजिन याच जातीचे होते. माप २.२ लिटर, शक्ती ६० अश्वशक्ती. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीपच्या जुळणीला आरंभ केला. पुढे १९५३ च्या नव्या जीपमध्ये विलिसने माप तेच ठेवले, पण डोके बदलले. हवेची झडप वर हेडमध्ये आली आणि मोठी झाली. धुराची खालीच राहिली. एवढ्याने शक्ती सत्तरीच्या पुढे गेली. मात्र इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंचावावे लागले. महिंद्रांनी पुढे वर्षानुवर्षे बांधलेली ती उंच नाकाची जीप आठवते ना? ते नाक नखऱ्याचे नव्हते. आत मोठा श्वास कोंडलेला होता.

अमेरिकेत याच गोष्टीला वेगळे वळण लागले. फोर्डच्या १९३२ सालच्या आठ सिलिंडरी इंजिनातही झडपा बगलेतच होत्या. जळका धूर ब्लॉकमधूनच वाट काढी, त्यामुळे भार ओढताना इंजिन तापे. झोरा आर्कस-डंटोव्ह आणि त्याचा भाऊ यूरा यांनी १९४७ च्या सुमारास त्यावर ‘आर्डन’ नावाची अ‍ॅल्युमिनियमची हेडे काढली. सर्व झडपा वर, खाली घुमटाकार पोकळी. हेतू होता मालट्रकांचा. पण ट्रकवाल्यांनी पाठ फिरवली आणि शर्यतवाल्यांनी उचल खाल्ली. १९५० पासून कॅलिफोर्नियातील सान्ता आनाच्या विमानतळावर ‘ड्रॅग’ शर्यती भरू लागल्या: सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आणि दोन गाड्या. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत.

मग शर्यतीचे हेड घाटाच्या जीपला बसवले तर? येथेच निवडीची परीक्षा आहे. शर्यतीचे इंजिन भरधाव फिरते. त्याला रुंद वाटा आणि मोठ्या झडपा हव्यात. घाटातील इंजिन मंद फिरत ओझे ओढते. रुंद वाटेत तेवढीशी हवा रेंगाळते, पेट्रोलशी नीट मिसळत नाही आणि ऐन वळणावर गाडी मान टाकते. हेडमधली पोकळी लहान केली तर दाब वाढतो, शक्तीही वाढते. पण पेट्रोल त्या प्रतीचे नसेल तर इंजिन ठोके देऊ लागते. शिवाय महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंच. तिथली हवा कोकणपट्टीपेक्षा जवळजवळ आठव्या हिश्श्याने विरळ, म्हणजे प्रत्येक श्वास तेवढा उणा.

म्हणून जाणता मिस्त्री हेड कितीचे, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी न्यायची कुठे? पाव मैल संपला की शर्यतवाल्याची चिंता संपते. आंबेनळीच्या अर्ध्या चढावर माणसे भरलेली गाडी थांबली, तर मात्र पुढे कडा असतो आणि मागे दरी. तिथे छाती फुगवून चालत नाही. दम टिकवावा लागतो.