मोराचं पीस, घोरपडीचं कातडं
चऱ्होली 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी ते इंद्रायणीकाठचं शेतीवाडीचं गाव. अशा गावांच्या बांधांवर, ओढ्याकाठच्या झुडपांत मोर आणि घोरपड हे जुने शेजारी. शेजार काही गोडीचा नव्हे, कारण लांडोर जमिनीवरच अंडी घालते आणि घोरपड ती सोडत नाही. कायद्याने मात्र दोघांना एका पंगतीत बसवलं आहे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत दोघंही आहेत. तरीही शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, घोरपडीची चिंचोली कुठेच नाही. मोर कार्तिकेयाचं वाहन म्हणून वाचला, असं आपण सांगतो. हे कारण अपुरं आहे. मान घोरपडीलाही होताच. जुन्या शिल्पांत गौरीच्या पायाशी ती कोरलेली दिसते, घोरपडे घराण्याने तिचं नाव मिरवलं, तानाजीची यशवंती घोरपड घरोघरी पोचली (पाच-सात किलोंचं जनावर कड्यावर गडी पेलतं, हे इतिहासाला पटो न पटो). एवढं होऊनही ती मारली गेलीच.

खरा फरक माणसाच्या गरजेत आहे. पावसाळा सरता सरता मोर पिसारा झाडतो. वासुदेवाची टोपी, दर्ग्यातला मोरचेल, देव्हाऱ्यातलं एखादं पीस हे सगळं त्यातून भागतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं. म्हणजे मोर जिवंत असण्यातच फायदा. घोरपडीचं मांस, तेल, कातडं जीव घेतल्याशिवाय हाती लागत नाही. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी, शेंदरात ठेवून ‘हाथाजोडी’ नावाची मुळी म्हणून विकली जाणारी वस्तूसुद्धा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रियच असते.

यावर कोणी म्हणेल, मोर तरी कुठे सुटला? मांसासाठी फासे लागतात, पेरणीच्या वेळी विषारी दाण्यांनी मोर मरतात, आणि गळालेल्या पिसांच्या व्यापाराला कायद्याने दिलेल्या सवलतीआड उपटलेली पिसंही खपतात. देठाच्या टोकाला रक्ताचा डाग राहतो, म्हणून तो कापून टाकतात. आक्षेप खरा आहे, पण तो माझंच म्हणणं पक्कं करतो. गळालेल्या पिसांवर भागेनासं झालं की मोराचीही घोरपड होते. उलटा प्रवासही घडू शकतो. गोव्यात घुमट या वाद्याचं तोंड घोरपडीच्या कातड्याने मढवत. पुढे तिथे बकऱ्याचं कातडं चढू लागलं. त्यानंतर, 2019 मध्ये, गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. गणपतीच्या आरत्या त्याच्याच तालावर होतात.