मुलं – तीन

पिंपरीत रेल्वेचे रूळ ओलांडून शगुन चौकाकडे वळलं, की कापडाची, भांड्यांची, घड्याळांची दुकानं सुरू होतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ईदचं कापड घ्यायला अब्बा आम्हाला तिथंच न्यायचे. अब्बा कारखान्यात फिटर होते. 'कॅम्पात जाऊ' एवढंच म्हणायचे. हा कसला कॅम्प, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

ओळखीच्या दुकानदाराला आम्ही काका म्हणायचो. कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले तेव्हा ते सात वर्षांचे होते. मी कॉलेजात असताना एकदा त्यांनी गल्ल्यामागची पत्र्याची पेटी उघडली आणि वडिलांच्या नावाचा छावणीतला जुना कागद दाखवला. म्हणाले, "बेटा, ह्याच्यावर माझं नाव नाही. नुसतं 'मुलं – तीन' लिहिलंय. त्या तिनांतला एक मी."

फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र सगळाच पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि तिथल्या हिंदूंचा धीर सुटला. बोटी भरभरून माणसं मुंबईला आली. कल्याणजवळच्या छावणीचं पुढं उल्हासनगर झालं, तशीच एक छावणी आमच्या पिंपरीत उभी राहिली. तेव्हा इथं ना हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होतं, ना एमआयडीसी. पिंपरी हे एक खेडं होतं.

या माणसांना भारताचे नागरिक ठरवलं ते राज्यघटनेच्या सहाव्या कलमानं. त्यात एक तारीख आहे : १९ जुलै १९४८. पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सुरू झाला तो हा दिवस. त्याआधी येऊन इथंच राहिलेला माणूस, त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा, आजीआजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला असला, की नागरिक. अर्ज नाही, फी नाही. त्यानंतर आलेल्यांना मात्र सहा महिने राहून, घटना लागू होण्याआधी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागे. म्हणजे १९४९ च्या जुलैनंतर ज्याची बोट लागली, त्याला या कलमाचा उपयोग नव्हता. त्याला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची वाट पाहावी लागली. बोट कधी सुटणार, हे सात वर्षांचं पोर थोडंच ठरवतं?

पुढं दार हळूहळू अरुंद होत गेलं. १९५५ च्या कायद्यानं इथं जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल नागरिक होतं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय लागू लागला. ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही 'अवैध स्थलांतरित' नसावा, अशी अट आली. अशा स्थलांतरितांना नोंदणीनं नागरिक होण्याची वाटही बंद झाली. स्वतःच्या पायांनी आलेला आणि आईच्या कडेवरून आलेला, यांत ही व्याख्या फरक करत नाही. खास कारण असेल तर केंद्र सरकार कुठल्याही अल्पवयीन मुलाची नोंद करू शकतं, एवढी एक फट कायद्यात आहे.

२०१६ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या सहा धर्मांच्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचा अधिकार ज्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला, त्यांत पुणेही होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या त्याच सहा धर्मांच्या लोकांवरचा 'अवैध' हा शिक्का पुसला. त्या यादीत मुसलमान नाहीत. शेजाऱ्याच्या पोराला दार उघडलं याचा मला आनंदच आहे. पण दारावरच्या माणसानं पोराचा धर्म विचारावा, हे मनाला लागतं.

लहानपणी पाकिस्तानी पासपोर्टवर आलेल्या केरळमधल्या दोन बहिणींनी २०१७ मध्ये ते पासपोर्ट परत केले. पण एकवीस वर्षं पूर्ण नसल्यानं नागरिकत्व सोडल्याचा दाखला त्यांना पाकिस्तानकडून मिळेना. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २०२५ मध्ये खंडपीठानं तो फिरवला. अमेरिकेत २०१२ साली ओबामा सरकारनं, सोळा वर्षांच्या आत देशात आणलेल्या आणि कागद नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट आणि कामाची परवानगी दिली. नागरिकत्व तिथंही दिलं नाही.

आपल्या घटनेत एक वाक्य मात्र मोठ्या मनाचं आहे. २००२ च्या दुरुस्तीनं शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या 'सर्व' मुलांना. तिथं 'नागरिक' हा शब्द नाही. २००९ चा कायदा तर सांगतो, वयाचा दाखला नाही म्हणून शाळेनं मुलाला परत पाठवू नये. आज चाकणच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींत कुठकुठली मुलं राहतात. त्यांना निदान शाळेचा उंबरठा तरी मोकळा आहे. अडचण पंधराव्या वर्षापासून सुरू होते.

काका आता नाहीत. त्यांच्या दुकानात त्यांचा नातू बसतो. पत्र्याची पेटी अजून गल्ल्यामागं आहे. मोठ्यांच्या कागदावर मुलं म्हणजे नुसता आकडा असतात. ती मोठी झाली, की त्यांना नाव द्यायचं की नाही, हे देशानं ठरवायचं असतं. १९४९ मध्ये आपल्या देशानं त्या तिघांना नाव दिलं, आणि पिंपरीचं त्यात काही वाईट झालं नाही. एवढं सांगून थांबतो.